चंदी मोजून, गवत पोटभर

'चंदी' हा शब्द आज कोणाला विचारला, तर चांदी म्हणायचे असेल आणि काना राहून गेला असेल, असे उत्तर मिळण्याचा संभव आहे. घोड्यांच्या काळात हा शब्द घराघरांत ठाऊक होता. चंदी म्हणजे घोड्याला रोज द्यायचे धान्य आणि वैरण म्हणजे त्याचे गवत, कडबा. घोड्याच्या तोंडाला धान्याची जी पिशवी बांधत, तो तोबरा. घोडे गेले, पण विड्याचा तोबरा मात्र आपल्या तोंडात राहिला. पुण्यातल्या हुजूरपागा शाळेच्या नावात पेशव्यांची पागा अजून आहे. आज मी घोड्याच्या पोटाविषयी बोलणार आहे. आमच्या चिंचवड-चाकण पट्ट्यात या पोटाने लढाया थांबवल्या, शेतकऱ्यांना रडवले आणि पुढे माणसांचे प्राणही वाचवले.

आरंभ चाकणपासून करू. मोटारींचे कारखाने येण्याच्या कितीतरी आधी चाकणची ओळख होती ती तिथल्या भुईकोट किल्ल्यामुळे, म्हणजे संग्रामदुर्गामुळे. १६६०च्या मे महिन्यात शाइस्तेखान मोठी फौज घेऊन पुण्यात आला. मराठ्यांनी आसपासचा मुलूख आधीच उजाड करून ठेवला होता. धान्य नाही, घोड्यांना वैरण नाही आणि पावसाळा तोंडावर. अहमदनगरच्या तळावरून रसद आणायची तर वाटेत घाट आणि फुगलेल्या नद्या. चाकण मात्र नगरच्या बाजूला, डोंगर न ओलांडता गाठता येणारे. खानाने चाकणवर चाल का केली, याची जी कारणे जदुनाथ सरकारांसारख्या इतिहासकारांनी दिली आहेत, त्यांत दाणावैरणीची ही अडचण आहे. फिरंगोजी नरसाळा यांनी जून ते ऑगस्ट असे सुमारे छप्पन दिवस किल्ला लढवला, हे आपण शाळेत शिकलो. त्या लढाईमागे घोड्यांच्या दावणीचाही प्रश्न होता, हे मात्र कोणी शिकवले नाही.

आकडा मांडून पाहा. मध्यम चणीच्या घोड्याला रोज किमान सहा किलो सुकी वैरण लागते असे धरले, तर दहा हजार घोड्यांना रोज साठ टन वैरण हवी. आज चाकणच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या दहा टनी सहा ट्रकांचे हे वजन झाले, आणि तेही रोज. धान्य वेगळे, पाणी वेगळे. ही वैरण यायची कुठून? तुमच्या-आमच्या पणजोबांच्या शेतातून.

हे सर्वांत स्पष्टपणे कोणी ओळखले असेल, तर शिवाजी महाराजांनी. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी मुक्कामाला असलेल्या घोडदळातील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना राज्याभिषेकाच्या सुमाराच्या काळात पाठवलेले त्यांचे पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नये, या अर्थाने ते नेहमी सांगितले जाते. ते बरोबरच आहे. पण पशुवैद्यक म्हणून मी ते वाचतो, तेव्हा मला त्यात पागेचे अंदाजपत्रक दिसते. पावसाळाभर पुरेल इतका दाणा, रातीब आणि गवत साठवून दिले आहे. आहे तोवर मनाला येईल तसे उधळाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरी दाणे, भाकर, गवत, लाकूडफाटा मागत सुटाल आणि त्यांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. पत्राचा आशय असा आहे. पेटत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत त्यात इशारा आहे. साठा किती, दिवस किती, तोंडे किती आणि नासधूस कशाने होईल, या चारही प्रश्नांचा विचार तिथे आहे. आजही कोणत्याही तबेल्याच्या व्यवस्थापकाला मी हेच चार प्रश्न विचारीन.

हा हिशेब चुकला की काय होते, ते १७६० सालच्या शेवटच्या महिन्यांत पानिपतावर दिसले. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे लढायला उतरले तेव्हा माणसे उपाशी होती आणि घोडीही उपाशी होती.

आता हे घोडे खात काय होते? भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा लहानखुरा, काटक आणि थोड्यावर भागवणारा. या जातीला २०२४ साली देशी अश्वजाती म्हणून अधिकृत मान्यता मिळाली, म्हणजे घोडदळ संपल्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्याचे मुख्य अन्न गवत, हरळी आणि ज्वारीचा कडबा. वर चंदी हरभऱ्याची, नाहीतर हुलग्याची. हुलग्याला इंग्रजीत घोड्याचा हरभरा अशा अर्थाचेच नाव आहे. हरभरा भिजवून द्यायचा, तहानलेल्या घोड्याला आधी पाणी आणि मग दाणा, घाम निथळत असताना चंदी नाही, हे मोतद्दारांचे नियम होते. कामगिरीवर असेल तर चंदी वाढवायची, ठाणावर बांधून असेल तर कमी करायची, हेही ते जाणत. या नियमांमागे प्रयोगशाळा नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता आणि पुष्कळ मेलेली घोडी होती.

इंग्रज आले ते ओट खाणाऱ्या घोड्यांच्या देशातून. इथे त्यांनी मुकाट्याने हरभऱ्याची चंदी स्वीकारली. प्रत्येक घोड्यामागे गवत कापून आणणारा माणूस असे. तो खुरप्याने हरळी मुळासकट काढी, झाडून-धुऊन आणी. पुढे लष्कराने हे काम संस्थेकडे सोपवले. १८८९ साली अलाहाबादला पहिला लष्करी फार्म निघाला. जवानांना दूध आणि जनावरांना वैरण पुरवणे हे या फार्मांचे काम. आमच्या पिंपरीतला मिलिटरी डेअरी फार्म याच कुटुंबातला. देशभरातला हा लष्करी फार्मांचा विभाग २०२१ साली बंद झाला, पण फार्मचे नाव पिंपरीकरांच्या पत्त्यांत आणि बोलण्यात टिकून आहे.

याच सुमारास युरोपात घोड्याचे खाणे अनुभवाकडून मोजमापाकडे वळत होते. कारण लष्करी नव्हते, व्यापारी होते. पॅरिसच्या भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्या कंपनीकडे हजारो घोडे होते आणि दाण्यात एक पैसा वाचला तरी वर्षाला मोठी रक्कम हाती लागणार होती. या कंपनीसाठी लुई ग्रांदो या शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात घोड्यांना तोलून खाऊ घातले, शेण-मूत्र तोलले आणि काम मोजले. बर्लिनमध्ये नाथान त्सुन्ट्स आणि हागेमान यांनी घोड्याला फिरत्या पट्ट्यावर चालवून त्याचा श्वास मोजला आणि कोणत्या कामाला किती ऊर्जा लागते याचे आकडे काढले. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि पशुवैद्यकाचे शास्त्रशुद्ध शिक्षण आपल्याकडे आले.

त्या काळातला एक आजार मोठा बोलका आहे. युरोपात ओझे ओढणारे घोडे शनिवारपर्यंत राबत, रविवारी त्यांना सुट्टी. पण दाणा मात्र रोजच्याइतकाच. सोमवारी सकाळी जुंपले की काही घोडे शंभर पावलांत ताठ होत, घामाने न्हात आणि लघवी कॉफीच्या रंगाची होई. स्नायूंचा नाश होऊन त्यातले द्रव्य मूत्रात उतरे. लोकांनी याला 'सोमवारचा आजार' असे नाव दिले. आमच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा इथे ते घोडे असते तर त्याला शुक्रवारचा आजार म्हणावे लागले असते! ठाणावरच्या घोड्याची चंदी कमी करा, हा मोतद्दाराचा नियम किती शहाणपणाचा होता, ते यावरून कळते.

या सगळ्याचे मूळ घोड्याच्या पोटाच्या रचनेत आहे. गाईला चार कप्प्यांचे पोट आणि रवंथ. घोड्याचे जठर एकच आणि शरीराच्या मानाने अगदी लहान, आठ ते पंधरा लिटरचे. त्यात आम्ल दिवसरात्र झिरपत असते, चारा असो वा नसो. मोकळा घोडा दिवसातले चौदा-सोळा तास चरतो. थोडे थोडे, सतत. चावताना सुटणारी लाळ आम्लाची धार कमी करते. गवताचे खरे पचन होते ते मागे, अंधनाल आणि मोठ्या आतड्यात. पचनमार्गाचा निम्म्याहून अधिक भाग याच पिशव्यांचा. तिथे अब्जावधी सूक्ष्मजीव गवत आंबवतात आणि त्यातून घोड्याला ऊर्जा मिळते. म्हणजे आपण घोड्याला चारतो, तेव्हा खरे तर या सूक्ष्मजीवांना चारतो.

आता एका वेळी फार दाणा दिला तर काय होते? लहान आतड्यात सगळा पिठूळ भाग, म्हणजे स्टार्च, पचत नाही. उरलेला मागे जातो. तिथे तो झपाट्याने आंबतो, आम्ल वाढते, उपयोगी सूक्ष्मजीव मरतात आणि त्यांच्यातून निघालेली विषे रक्तात उतरतात. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटशूळ उठतो, घोडा लोळतो, आतड्याला पीळ पडू शकतो. त्यातून वाचला तर खुरांच्या आतल्या नाजूक थरांना दाह होतो, त्याला लॅमिनायटिस म्हणतात. खुराचे हाड जागचे हलले की तो घोडा पुन्हा पळत नाही. पोटात गेलेला दाणा पायात उतरतो तो असा.

हे मी केवळ पुस्तकातले सांगत नाही. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांत बैलगाडा शर्यतींत बैलांच्या पुढे घोडी पळते. २०१४ साली शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आणि २०२३ साली घटनापीठाने ती कायम केली. घोड्यांची किंमत पुन्हा वाढली, तसा 'खुराक'ही वाढला. दूध, अंडी, तूप, बदाम, गूळ, गव्हाचे पीठ, ज्याला जे सुचेल ते. चाकणच्या बाजूच्या एका गावी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मला बोलावणे आले. घाटात घोडी पहिली आली होती. आनंदाच्या भरात घरातल्या प्रत्येकाने तिला काही ना काही चारले होते आणि रात्री घमेलेभर मळलेली कणीक व गूळ तिच्यापुढे ठेवला होता. घोडी वाचली. तिसऱ्या दिवशी ती पुढचे पाय लांब करून, टाचांवर भार टाकून उभी राहिली, तेव्हा काय झाले ते घरातल्या म्हाताऱ्यांना माझ्याआधी कळले. कोणीही तिच्याशी वाईट वागले नव्हते. तिच्या गव्हाणीत त्या दिवशी गवत मात्र नव्हते.

असाच दुसरा लाड म्हणजे गव्हाचा कोंडा. हलका, स्वस्त, घोड्याला आवडणारा. पण कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. घोड्याच्या आहारात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके, आणि शक्यतो त्याहून जास्त हवे. कोंड्यात ते त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शाइतकेच असते. महिनोन्‌महिने कोंड्यावर ठेवलेला घोडा रक्तातली कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी स्वतःची हाडे झिजवतो, आणि चेहऱ्याची हाडे मऊ पडून फुगतात. पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांत हा आजार इतका दिसे, की युरोपात त्याला गिरणीवाल्याच्या घोड्याचाच आजार म्हणत. उपाय साधा आहे. कोंडा कमी, आणि कॅल्शियमने समृद्ध असा थोडा लसूणघास. काही हिरव्या उष्णकटिबंधीय गवतांतल्या ऑक्झॅलेटमुळेही कॅल्शियम अडकून पडते, म्हणून केवळ एकाच जातीच्या गवतावर घोडा ठेवू नये.

आता पिंपरीकडे येऊ. १८९४ साली पॅरिसमध्ये एमिल रू यांनी घोड्याच्या रक्तद्रवाने घटसर्पाची मुले वाचवता येतात हे मोठ्या प्रमाणावर दाखवून दिले. त्याच सुमारास आल्बेर काल्मेत यांनी सापाच्या विषावर असाच उपाय शोधला. घोड्याला विषाची अगदी लहान मात्रा देत, ती हळूहळू वाढवत न्यायची. घोड्याच्या रक्तात त्या विषाला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात, तीच शुद्ध करून रुग्णाला टोचायची. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर चालणारे एकत्रित प्रतिविष याच रीतीने बनते. परळच्या ज्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव दिले गेले, तिच्या परंपरेतले हाफकिन महामंडळ हे या कामातले महाराष्ट्राचे मोठे नाव, आणि त्याच्या रक्तद्रवाच्या घोड्यांचे ठिकाण म्हणजे आमची पिंपरी. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या अश्वपालन केंद्रातले निवृत्त घोडे हाफकिनकडे जात. त्यातूनच हे काम आपणच का करू नये, असा विचार पुढे आला आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, ही हकिकत अनेकांना ठाऊक असेल.

या घोड्यांचे खाणे हा निव्वळ भूतदयेचा प्रश्न नाही. प्रतिद्रव्ये म्हणजे प्रथिने. ती हवेतून बनत नाहीत, दावणीतल्या हरभऱ्यातून आणि लसूणघासातून बनतात. घोड्याच्या शरीरात वजनाच्या सुमारे आठ टक्के रक्त असते. साडेतीनशे किलोच्या घोड्यात अठ्ठावीस लिटर. त्यातले ठरावीक प्रमाणातच काढायचे, द्रव वेगळा करून तांबड्या पेशी शक्यतो परत त्याच्याच शिरेत सोडायच्या, आणि पुन्हा रक्त काढण्याआधी त्याचे वजन, तांबड्या पेशींचे प्रमाण व रक्तातली प्रथिने तपासायची. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे याच धाटणीची आहेत. कुपोषित घोड्याकडून चांगले प्रतिविष मिळत नाही. दावणीत काटकसर केली, तर तिची किंमत कुठल्यातरी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या खाटेवर चुकवावी लागते.

ही किंमत लहान नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले, आणि बहुतेक माणसे खेड्यांतली. त्यांतले कितीतरी जण बांधावर वाकून जनावरांसाठी गवत कापत असताना डसले गेले असतील. एका दंशाला सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात. त्या कुप्या घोड्याकडून येतात आणि घोडा त्या गवतातून बनवतो.

म्हणून शेवटी थोडे व्यवहाराचे. वरातीची घोडी असो, शर्यतीची असो वा हौसेची, तिचे वजन माहीत हवे. काटा नसला तरी चालेल, शिंप्याची टेप पुरे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराला घेराने गुणा, मग लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. घेर १५० आणि लांबी १४५ असेल, तर वजन सुमारे २७५ किलो. या घोडीला दिवसाला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे साडेपाच किलो सुके खाणे हवे, आणि त्यातले किमान चार किलो गवत किंवा कडबाच हवा. एका वेळच्या दाण्यात स्टार्च वजनाच्या किलोमागे एका ग्रॅमच्या आसपास ठेवावा. हरभरा असेल तर हे साधारण सहाशे ग्रॅम होतात, मका असेल तर चारशेच. डब्याने मोजू नका, तोलून घ्या. त्याच डब्यात कोंडा भरला तर वजन हरभऱ्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. खाणे बदलायचे असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, कारण आतल्या सूक्ष्मजीवांनाही नव्या अन्नाची सवय व्हावी लागते. मिठाचा खडा आणि स्वच्छ पाणी कायम समोर ठेवा. पोटशूळ उठला तर घरगुती काढे पाजत बसू नका, पशुवैद्यकाला बोलवा.

एके काळी या पट्ट्यात गावोगावी कुरणे आणि गायराने होती. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, पाठोपाठ औद्योगिक वसाहती आल्या, नंतर चाकणही भरले. आज इथला घोडा बहुतेक विकतच्या वैरणीवर जगतो, आणि वैरण महाग झाली की माणूस आधी गवत कमी करून दाणा वाढवतो. नेमके उलटे व्हायला हवे. शर्यतीच्या मोसमात, लग्नसराईत घोडीच्या तोंडी काही देण्याची इच्छा झाली, तर गुळाचा खडा जरूर द्या, लहानसा. पण त्याआधी तिच्या गव्हाणीत हात घालून पाहा, आणि ती रिकामी असेल तर तिच्या मालकाला एक पेंढी गवत घेऊन द्या.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)